वेडा राघू: ओळख, सवयी आणि निरीक्षणाची रीत

महाराष्ट्राच्या पठारावर, कोकणात किंवा गोव्यात मोकळ्या माळाच्या कडेने जाताना विजेच्या तारेवर, कुंपणाच्या खांबावर किंवा बाभळीच्या निष्पर्ण फांदीवर चिमणीएवढा एक हिरवागार पक्षी बसलेला हमखास दिसतो. तो अचानक हवेत झेप घेतो, चोचीत काहीतरी पकडतो आणि वळसा घेऊन पुन्हा बहुधा त्याच जागी येऊन बसतो. हिरव्या रंगामुळे अनेकजण त्याला लहान पोपट समजतात. हा वेडा राघू होय. त्याचे शास्त्रीय नाव मेरॉप्स ओरिएंटॅलिस असे असून जॉन लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्या वर्णनात पक्ष्याचे मूळ ठिकाण म्हणून मराठ्यांच्या मुलखाचीच नोंद आहे.

रंगीत पक्षी रंगावरून ओळखणे सर्वांत सोपे असे नवख्या निरीक्षकाला वाटते. प्रत्यक्षात रंग ही सर्वांत फसवी खूण असते. उजेड पक्ष्याच्या मागून येत असेल, तर हिरवा रंग काळपट दिसतो. ढगाळ हवेत निळी झाक पुसली जाते. पिल्लांच्या अंगावर मोठ्यांच्या खुणा नसतात. म्हणून या पक्ष्याची ओळख तीन पायऱ्यांनी करावी असे मी सुचवतो: आधी त्याची बैठक आणि झेप पाहावी, मग आकृती पाहावी आणि शेवटी रंगांकडे वळावे. या क्रमाने पाहणाऱ्याला ओळखीबरोबरच पक्ष्याच्या सवयीही आपोआप कळू लागतात.

बैठक आणि झेप

वेडा राघू उघड्यावर बसतो. दाट पानांच्या आत शिरून किडे शोधणे त्याच्या स्वभावात नाही, कारण त्याचे भक्ष्य उडते असते आणि ते दिसण्यासाठी त्याला चहूबाजूंनी मोकळे आकाश लागते. तार, खांब, वाळलेली फांदी, उसाच्या बांधावरची काठी, नदीकाठच्या झुडपाचा शेंडा अशा जागा तो निवडतो आणि मान सतत इकडेतिकडे वळवीत हवेतल्या हालचालींवर लक्ष ठेवतो. भक्ष्य दिसले की तो थेट त्याच्याकडे झेपावतो, पंखांच्या काही जलद फटकाऱ्यांनंतर पंख पसरून तरंगतो, हवेतच किडा टिपतो आणि माघारी येतो. तरंगताना पंखांची खालची बाजू तांब्यासारखी झळकते आणि तिच्या मागच्या कडेला काळी किनार दिसते. उडत्या वेड्या राघूची ही खूण लांबूनही उपयोगी पडते.

तारेवरून शिकार करणारे इतर पक्षी याच पायरीवर वेगळे काढता येतात. नीळपंखसुद्धा तारेवर किंवा खांबावर बसतो, परंतु तो आकाराने कितीतरी मोठा असतो आणि बहुतेक वेळा जमिनीवर उतरून टोळ, बेडूक, सरडे असे भक्ष्य उचलतो. कोतवाल वेड्या राघूप्रमाणेच हवेत झेपावून परत येतो. मावळतीच्या उजेडात दोघांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसत असल्या, तर शेपटी पाहावी. कोतवालाची शेपटी टोकाशी दुभंगलेली आणि बाहेरच्या बाजूस वळलेली असते, तर वेड्या राघूच्या शेपटीच्या मधोमध दोन बारीक पिसे सुईसारखी पुढे आलेली असतात. पोपटाशी तर केवळ रंगाचे साम्य आहे. पोपटाची चोच आखूड, जाड आणि आकड्यासारखी असते, त्याचा आहार फळांचा व दाण्यांचा असतो आणि उडता किडा पकडण्यासाठी तो कधीही तारेवर दबा धरून बसत नाही.

आवाजाची खूणही याच टप्प्यावर ध्यानात ठेवावी. उडताना आणि बसल्या जागीही तो ‘ट्री-ट्री-ट्री’ असा बारीक, किंचित अनुनासिक, थरथरता आवाज काढतो. कान सरावले की पक्षी नजरेस पडण्याआधीच तो जवळपास असल्याचे कळते.

आकृती आणि रंग

शेपटीची लांब पिसे सोडून वेडा राघू सुमारे १६ ते १८ सेंटिमीटर लांब असतो. मधली दोन पिसे त्याहून पाचेक सेंटिमीटर पुढे येतात. वजन २० ग्रॅमच्या आतबाहेर असते. शरीर सडपातळ, चोच काळी, लांब, निमुळती आणि किंचित खाली वाकलेली असते. पाय इतके आखूड आणि दुबळे असतात की बसलेला पक्षी जणू पोटावर टेकलेला वाटतो. पुढची बोटे बुडाशी जोडलेली असतात आणि जमिनीवर चालणे त्याला फारसे जमत नाही.

आता रंग पाहावेत, आणि त्यासाठी सूर्य पाठीशी येईल अशी जागा घ्यावी. सर्वांगाचा रंग चमकदार हिरवा असतो. डोके आणि मानेची मागची बाजू यांवर सोनेरी-तांबूस झाक असते. देशाच्या ईशान्य भागातल्या पक्ष्यांत ती अधिक गडद तांबूस होते, त्यामुळे तिकडची छायाचित्रे पाहून इकडच्या पक्ष्याविषयी शंका घेऊ नये. चोचीच्या मुळापासून डोळ्यावरून मागे जाणारी ठळक काळी पट्टी असते आणि तिच्यात लालभडक डोळा उठून दिसतो. गाल व गळा यांवर निळसर छटा असते आणि गळ्याखाली एक बारीक काळी आडवी रेघ असते. डोळ्यावरची पट्टी आणि गळ्याखालची रेघ या दोन खुणा एकत्र दिसल्या की शंकेला जागा उरत नाही.

शेपटीच्या एकट्या सुयांवर मात्र विसंबू नये. पिसे गळून नवी येण्याच्या काळात त्या नसतात, बिळात सतत ये-जा करून त्या झिजतात किंवा तुटतात, आणि पहिल्या वर्षीच्या पिल्लांना त्या आलेल्याच नसतात. पिल्लांच्या गळ्याखालची काळी रेघही पुसट किंवा नसल्यासारखी असते आणि एकूण रंग फिका असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्याच्या तोंडावर असे बिनखुणांचे पक्षी बरेच दिसतात. तेव्हा ते कोणाबरोबर बसले आहेत आणि त्यांना कोण भरवत आहे हे पाहिल्यास उत्तर मिळते.

नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. त्यांच्यातला फरक वागणुकीतून कधीकधी कळतो: विणीच्या हंगामाच्या सुरुवातीला नर पकडलेला किडा स्वतः न खाता शेजारी बसलेल्या मादीला देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तारेवर खेटून बसलेली जोडी दिसली, तर हा प्रसंग पाहण्यासाठी थोडा वेळ थांबणे सार्थकी लागते.

याच कुळातले पाहुणे आणि शेजारी

या कुळात जगभरात सुमारे ३० जाती आहेत आणि त्यांतल्या काही आपल्याकडेही येतात. निळ्या शेपटीचा वेडा राघू आकाराने बराच मोठा असतो. त्याची शेपटी आणि पाठीचा खालचा भाग निळा, तर गळा तांबूस असतो. तो महाराष्ट्रात मुख्यतः हिवाळ्यात किंवा स्थलांतराच्या काळात, बहुधा पाणथळ जागांच्या आसपास दिसतो. तांबड्या डोक्याचा वेडा राघू सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या आणि गोव्यातल्या झाडीत आढळतो. त्याचे डोके व पाठीचा वरचा भाग गडद तांबूस, गळा पिवळा असतो आणि शेपटीला सुया नसतात. युरोपीय वेडा राघू स्थलांतरात येथून जाताना क्वचित दिसतो. पिवळा गळा, तांबूस पाठ आणि निळसर पोट यांमुळे तो चटकन वेगळा कळतो. निळ्या दाढीचा वेडा राघू हा जंगलातला मोठा पक्षी असून त्याच्या डोळ्यावर काळी पट्टी नसते. सारांश इतकाच, की माळरानावर, शेतात किंवा गावकुसाला बारा महिन्यांतल्या कोणत्याही दिवशी चिमणीएवढा राघू दिसला तर तो आपला नेहमीचा हिरवा असण्याचीच शक्यता अधिक. पक्षी मोठा वाटला, तर गळा आणि शेपटी नीट तपासावी.

जुन्या पुस्तकांत याच जातीचा विस्तार आफ्रिकेपर्यंत दाखवलेला आढळतो. आता आफ्रिकेतले आणि अरबस्तानातले पक्षी स्वतंत्र जाती मानले जातात आणि आपली जात आशियाई म्हणून ओळखली जाते. नोंदी करताना हा बदल लक्षात ठेवावा.

नांगी काढण्याची कृती

वेड्या राघूची सर्वांत पाहण्याजोगी सवय त्याच्या बैठकीवरच घडते, आणि ती पाहण्यासाठी ८ × ४२ (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची) किंवा तत्सम क्षमतेची दुर्बीण पुरेशी आहे. त्याच्या आहारात मधमाश्या, गांधीलमाश्या, पंखवाल्या मुंग्या, चतुर, फुलपाखरे, पतंग, भुंगे आणि माश्या असे अनेक कीटक असतात. चतुर किंवा पतंग पकडला, तर तो फांदीवर दोन-चार वेळा आपटून, प्रसंगी पंख झडवून, गिळून टाकतो. मधमाशी पकडली की मात्र त्याचे वागणे बदलते. तो आधी तिला आपटून निपचित करतो, मग चोचीतल्या चोचीत सरकवीत तिच्या पोटाच्या टोकाजवळ पकड घेतो आणि ते टोक फांदीच्या सालीवर किंवा तारेवर जोराने घासतो. या घासण्याने विष बाहेर पडते आणि पुष्कळदा नांगीही निघते. त्यानंतर पुन्हा एक-दोनदा आपटणे होते, माशी हलकेच वर उडवून चोचीत सरळ केली जाते आणि गिळली जाते.

म्हणून भक्ष्य नुसते दिसले की समाधान मानू नये. त्यावर कोणती कृती होते ते पाहावे. केवळ आपटले की आपटून घासले, एवढ्या एका फरकावरून त्याने नांगीवाला कीटक पकडला की बिननांगीचा, हे किडा स्पष्ट दिसला नसला तरी बऱ्याच अंशी ताडता येते. दुसरा पुरावा बैठकीखाली सापडतो. कीटकांच्या टणक कवचाचे, पंखांचे न पचलेले भाग वेडा राघू लहान काळसर गोळीच्या रूपात तोंडावाटे बाहेर टाकतो. नेहमीच्या बैठकीखाली अशा गोळ्या मिळाल्या तर एखादी उचलून पांढऱ्या कागदावर पाण्याचे थेंब टाकून काडीने हळूच मोकळी करावी. भुंग्यांच्या पंखांचे चकाकते तुकडे आणि माश्यांची डोकी भिंगाखाली ओळखता येतात. शाळकरी मुलांना कीटक आणि पक्षी यांचे नाते समजावण्यासाठी याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

मधुमक्षिकापालकांची या पक्ष्याविषयी तक्रार असते आणि ती अगदी निराधार नाही, कारण पेट्यांजवळ सोयीची तार किंवा वाळकी फांदी असली तर तो तिथे ठाण मांडतो. परंतु मधमाश्यांवर हल्ला करणाऱ्या गांधीलमाश्याही त्याच्या आहारात असतात. पेट्या झाडांच्या आडोशाला ठेवणे आणि लगतच्या उघड्या बैठका कमी करणे हा त्यावर समंजस उपाय आहे.

दिवसाचे वेळापत्रक

पक्षिनिरीक्षणासाठी भल्या पहाटे निघावे हा नियम वेड्या राघूला लागू पडत नाही. त्याचे भक्ष्य ऊन चढल्यावर उडू लागते, म्हणून तोही सावकाश उठतो. थंडीच्या दिवसांत सूर्य वर आल्यावरही काही वेळ हे पक्षी तारेवर किंवा फांदीवर एकमेकांना खेटून, पिसे फुलवून बसलेले असतात आणि नंतर पाठ उन्हाकडे करून अंग शेकतात. छायाचित्रकाराला आणि रंगांचा अभ्यास करणाऱ्याला हीच वेळ सोयीची असते, कारण पक्षी हलत नाही आणि उजेड तिरपा असतो. शिकारीच्या झेपा पाहायच्या असतील, तर मात्र ऊन तापल्यावर, साधारण नऊनंतर जावे.

मऊ धुळीत अंग घुसळून धूळस्नान करण्याची त्यांना आवड असते. कच्च्या रस्त्यावर तीन-चार राघू पंख पसरून धुळीत बसलेले दिसले, तर ते जखमी आहेत असे समजून जवळ जाऊ नये.

सायंकाळी चित्र पालटते. विणीचा हंगाम नसताना आसपासच्या परिसरातले राघू ठरलेल्या दाट झाडावर मुक्कामाला जमतात आणि काही ठिकाणी त्यांची संख्या दोन-तीनशेपर्यंत जाते. झोपण्यापूर्वी मोठा कलकलाट होतो, सारा थवा एकदम उठून घिरट्या घालतो आणि पुन्हा झाडात शिरतो, असे अंधार पडेपर्यंत अनेकदा घडते. मुक्कामाचे झाड शोधायचे असेल, तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून उडणाऱ्या लहान टोळ्यांची दिशा नोंदवीत जावे. दोन वेगळ्या जागांवरून घेतलेल्या दिशा जिथे मिळतात, तिथे ते झाड असते.

पावसाळ्यात मुसळधार पावसाच्या भागांतून हे पक्षी कमी पावसाच्या प्रदेशाकडे सरकतात, कारण सततच्या पावसात उडते कीटक मिळत नाहीत. कोकणात जुलैत वेडा राघू दिसला नाही म्हणून त्याची संख्या घटली असा निष्कर्ष काढू नये.

बीळ, आणि निरीक्षकाने कुठे उभे राहावे

विणीचा हंगाम मुख्यतः मार्च ते जून असतो. ओढ्याची दरड, रस्त्यासाठी कापलेला मातीचा उतार, वाळूचा ढीग, कधीकधी तर जवळजवळ सपाट जमीनही त्याला बीळ खोदण्यासाठी चालते. नर-मादी दोघेही चोचीने माती उकरतात आणि पायांनी मागे फेकतात. बोगदा दीड मीटरपर्यंत लांब असू शकतो आणि त्याच्या शेवटी रुंद खोली असते, जिथे कोणतेही अस्तर न घालता तीन ते पाच पांढरी, चकचकीत, जवळजवळ गोल अंडी घातली जातात. दोघेही अंडी उबवतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात, परंतु सगळी एकाच दिवशी नव्हे. काही जोड्यांना पिल्ले भरवण्यासाठी तिसऱ्या, कधी चौथ्या पक्ष्याची मदत होते, म्हणून एकाच बिळात दोनाहून अधिक पक्षी शिरताना दिसले तर गोंधळून जाऊ नये.

बीळ जवळ असल्याची खात्रीची खूण चोचीत असते. स्वतःसाठी पकडलेला किडा वेडा राघू बैठकीवर येताच गिळतो. पिल्लांसाठी पकडलेला असला, तर तो तसाच चोचीत धरून बसून राहतो. असा पक्षी दिसला की आपण तिथेच थबकावे, कारण यापुढचे प्रत्येक पाऊल त्या कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

हे मी केवळ कळकळीपोटी म्हणत नाही. पुण्यात जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पक्ष्यावर केलेला अभ्यास २००२ मध्ये ‘ॲनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धोका वाटणारा माणूस जवळ असताना वेडा राघू बिळात शिरण्याचे टाळतो, ही गोष्ट आधीपासून दिसत होती. अभ्यासकांनी पुढचा प्रश्न विचारला: त्या माणसाला बीळ दिसते की नाही, याने काही फरक पडतो का? माणूस बिळापासून तेवढ्याच अंतरावर, पण एकदा बीळ दिसेल अशा जागी आणि एकदा दिसणार नाही अशा जागी उभा राहिला. ज्या जागेवरून बीळ दिसत होते तिथे माणूस असताना पक्षी बिळात कमी वेळा शिरले. समोरच्याला काय दिसते आहे याचा अंदाज हा वीस ग्रॅमचा पक्षी घेत असावा, असे या प्रयोगाने सुचवले.

निरीक्षकासाठी याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. केवळ लांब उभे राहणे पुरेसे नाही. तुम्हाला बिळाचे तोंड स्पष्ट दिसत असेल, तर पक्ष्यालाही तुम्ही ते पाहता आहात हे कळत असण्याची शक्यता आहे आणि तुम्ही तिथे थांबाल तितका वेळ पिल्ले उपाशी राहतील. म्हणून दरडीच्या कडेला, झुडपाआड किंवा वळणापलीकडे अशी जागा निवडावी, जिथून पालकांची समोरची बैठक दिसते पण बीळ दिसत नाही. बैठकीवर सर्व काही पाहायला मिळते: कोणता किडा आणला, तो कसा मारला, पुढची झेप कोणत्या दिशेने गेली. एखादा पक्षी किडा चोचीत घेऊन पुन्हापुन्हा त्याच बैठकीवर येत असेल, सतत ओरडत असेल आणि पाच-सात मिनिटांत बिळाकडे गेला नसेल, तर जागा चुकली असे समजून निमूटपणे मागे सरकावे. बिळात काठी घालणे, विजेरीचा झोत टाकणे, मोबाइल आत सरकवणे, छायाचित्रासाठी समोरचे गवत कापणे यांतले काहीही करू नये. गवत कापले की बीळ साप, मुंगूस आणि कावळे यांच्याही नजरेस येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना धक्का लावणे हे शिकारीच्या व्याख्येतच धरले आहे, हे सहलीला येणाऱ्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे.

नोंद कशी ठेवावी

वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि पक्ष्यांची संख्या यांबरोबर बैठकीचा प्रकार, झेपांची संख्या, त्यांतल्या यशस्वी झेपा आणि भक्ष्य हाताळण्याची रीत लिहावी. ‘वेडा राघू, २’ एवढ्या नोंदीपेक्षा ‘अर्ध्या तासात अकरा झेपा, सात यशस्वी, दोनदा भक्ष्य फांदीवर घासले’ ही नोंद कितीतरी अधिक सांगते, आणि वर्षभराच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या तर गावातल्या उडत्या कीटकांचे ऋतुमानही त्यांतून वाचता येते. पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या ‘ई-बर्ड’सारख्या ऑनलाइन मंचावर यादी टाकताना बिळाचे नेमके स्थान किंवा त्याचे छायाचित्र देऊ नये, तालुका आणि गाव पुरेसे आहे.

जागतिक पातळीवर या जातीला सध्या धोका मानला जात नाही, तरी एखाद्या गावातली तिची वीण तिथल्या दोन-तीन दरडींवर अवलंबून असू शकते. आपल्या परिसरातल्या अशा दरडी माहीत असतील, तर मार्च उजाडण्यापूर्वी शेतमालकाला किंवा ग्रामपंचायतीला भेटून सपाटीकरण, माती उपसा आणि रस्तारुंदीचे काम जूनअखेरपर्यंत त्या तुकड्यापुरते पुढे ढकलता येईल का, हे विचारावे. काम आधीच सुरू झाले असेल आणि दरडीत वापरातले बीळ असेल, तर पिल्ले बाहेर पडेपर्यंत त्या कडेला दोरी बांधून तेवढा भाग सोडण्याची विनंती करावी. अंड्यांतून बाहेर आल्यापासून साधारण चार आठवड्यांत पिल्ले बीळ सोडतात, त्यामुळे थांबण्याचा काळ किती आहे हे सांगता येते आणि बहुतेक माणसे तेवढे मान्य करतात.